मधुमेहींचे परस्परसाहाय्य : आरोग्यसेवेची जोड की आरोग्यसेवेला पर्याय?

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग आहे, हा समज आता आकड्यांपुढे टिकणारा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ साली देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के होती. रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटी लोक निराळेच. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, तर केरळात २५.५ टक्के आढळले. याच पाहणीच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आधीच्या टप्प्यात याहूनही बोलकी गोष्ट दिसून आली होती. आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरी भागात श्रीमंतांपेक्षा गरिबांमध्येच मधुमेह अधिक होता. चंडीगडमध्ये वरच्या आर्थिक थरात १२.९ टक्के, तर खालच्या थरात २६.९ टक्के! ज्याच्या थाळीत पक्वान्न पडत नाही, त्याच्याच रक्तात साखर साठते आहे.

अशा परिस्थितीत मधुमेहींनी एकत्र येऊन एकमेकांना आधार द्यावा, एकमेकांकडून शिकावे, यासाठी स्थापन होणाऱ्या परस्परसाहाय्य गटांचा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. हे गट नेमके काय करू शकतात, काय करू शकत नाहीत, आणि त्यांच्या नावाखाली कोण आपली जबाबदारी झटकू पाहतो, याचा विचार कष्टकरी जनतेत काम करणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे.

आठ हजार सातशे साठ तास

मधुमेहाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याचा उपचार प्रामुख्याने डॉक्टर करीत नाही; रुग्ण स्वतः करतो. वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. एखाद्या भाग्यवान रुग्णाला वर्षातून सहा वेळा डॉक्टरची भेट मिळाली आणि प्रत्येक वेळी डॉक्टरने त्याला दहा मिनिटे दिली, असे गृहीत धरले तरी तो एकच तास होतो. उरलेले आठ हजार सातशे एकोणसाठ तास काय खायचे, केव्हा खायचे, गोळी चुकली तर काय करायचे, पायाला झालेली जखम दुखत नाही म्हणून सोडून द्यायची की दाखवायची, हे निर्णय रुग्णालाच घ्यावे लागतात. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ताटकळणाऱ्याला तर तो एक तासही मिळत नाही.

हे निर्णय पुस्तकी सल्ल्याने सुटत नाहीत. ‘वेळच्या वेळी जेवा’ असे डॉक्टर सांगतो. पण रात्रपाळीच्या कामगाराची वेळ मालक ठरवतो. ‘आहार बदला’ असे चिठ्ठीवर लिहून मिळते. पण घरात भात शिजतो तो रेशनच्या तांदळाचा, आणि घरातील बाई सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाते. रोग अंगी असलेल्याला वारंवार लघवीला जावे लागते. ठेकेदाराच्या कामावर त्यासाठी पाळी सोडता येत नाही, आणि बाईमाणसाला तर आडोसाही मिळत नाही. परिणामी ती पाणी पिणेच बंद करते. साखर एकदम उतरून हात थरथरू लागले, घाम फुटला, शब्द अडखळू लागले, की मुकादम म्हणतो, हा पिऊन आला आहे. नोकरी जाईल या भीतीने असंख्य कामगार आपला रोग लपवून ठेवतात. इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून आईबाप तिची कुपी शेजाऱ्यांच्या नजरेआड ठेवतात.

ज्याचे जळते त्याला कळते

ज्याचे जळते त्याला कळते, ही आपल्या भाषेतील म्हण या गटांचे सारे तत्त्वज्ञान सांगून जाते. गिरणीत किंवा शेतावर राबूनही ज्याने आपली साखर आटोक्यात ठेवली आहे, अशा माणसाचा शब्द दुसऱ्या मधुमेहीला जसा पटतो, तसा पांढऱ्या कोटातील माणसाचा पटत नाही. त्यात डॉक्टरविषयी अनादर नाही. दोघांच्या ज्ञानाचे स्वरूपच भिन्न आहे. डॉक्टर रोग जाणतो, तर सहरुग्ण त्या रोगासह जगणे जाणतो.

घरात शीतकपाट नसेल तर इन्सुलिनची कुपी पाण्याने भिजवलेल्या मातीच्या भांड्यात कशी थंड ठेवावी. तळपायाची संवेदना गेली असेल तर रोज रात्री आरसा धरून तळवे कसे तपासावेत. अनवाणी शेतात का उतरू नये. कामावर जाताना खिशात गुळाचा खडा का ठेवावा. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांना काय उत्तर द्यावे, ही सारी विद्या अशा गटात हातोहात पसरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण एकटे नाही, आपल्या हातून काही पाप घडले म्हणून हा रोग झालेला नाही, ही जाणीव तेथे होते.

ही जाणीव शास्त्रालाही धरून आहे. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ सालापासून गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की, आपल्याकडील बालके जन्मतः वजनाने कमी भरतात. त्यांच्या अंगी मांस कमी असते, परंतु त्वचेखालील चरबी त्या प्रमाणात कमी नसते. दिसायला कृश, पण शरीररचनेने मधुमेहाकडे झुकलेली अशी ही पिढी मातेच्या कुपोषणाच्या छायेत वाढते. आईच्या पोटात सोसलेल्या उपासमारीचे ऋण माणूस चाळिशीत फेडतो. अशा माणसाला ‘तू खादाड आहेस, आळशी आहेस’ असे म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

लिस्बनपासून कंबोडियापर्यंत

मधुमेहींच्या संघटनेची कल्पना आजची नाही. इन्सुलिनचा पहिला यशस्वी वापर १९२२ साली टोरोंटोत झाला. पुढच्याच वर्षी संशोधकांनी त्याचे पेटंट प्रत्येकी एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात टोरोंटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. औषध सर्वांना मिळावे, त्यावर कोणाची मक्तेदारी नसावी, हा त्यामागचा हेतू होता. परंतु औषधाचा शोध लागणे वेगळे आणि ते गरिबाच्या हाती पडणे वेगळे. म्हणूनच १९२६ साली पोर्तुगालमध्ये, लिस्बन येथे डॉ. एर्नेस्तू रोमा यांनी मधुमेहींची जी जगातील पहिली संघटना स्थापन केली, तिचे नावच ‘गरीब मधुमेहींची संरक्षक संघटना’ असे होते. ज्यांना इन्सुलिन परवडत नाही त्यांना ते मिळवून देणे, हे तिचे पहिले काम होते. १९३४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी आर. डी. लॉरेन्स हे डॉक्टर होते, तर एच. जी. वेल्स हे लेखक; आणि दोघेही मधुमेही होते. रुग्णांची संघटना आणि औषधाच्या उपलब्धतेचा आग्रह या दोन गोष्टी प्रारंभापासूनच जोडलेल्या होत्या, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या आशिया खंडातील एक उदाहरण याहून उद्बोधक आहे. युद्धाने आणि नरसंहाराने कंबोडियाची आरोग्यव्यवस्था पार उद्ध्वस्त झाली होती. तेथे २००५ च्या सुमारास ‘मोपोत्स्यो’ या संस्थेने प्रथम राजधानी नॉम पेन्हच्या झोपडवस्त्यांत आणि ताकेओ प्रांताच्या खेड्यांत मधुमेहींनाच प्रशिक्षण देऊन शिक्षक बनवले. हे शिक्षक वस्तीतील रुग्ण शोधतात, त्यांना आपल्या घरी एकत्र बसवतात, तपासणी व आहार शिकवतात. पण ही संस्था तेवढ्यावर थांबली नाही. तिने फिरता औषधनिधी उभारला, जेनेरिक औषधे घाऊक भावाने घेतली, ती ठरावीक दराने रुग्णांपर्यंत पोहोचवली, आणि गटांची सांगड सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांशी घातली. शिक्षण, औषध आणि डॉक्टर हे तिन्ही पाय शाबूत असल्यामुळेच ती तिवई उभी राहिली.

प्रयोगांची साक्ष

आता थोडे पुराव्याकडे वळू. कारण सदिच्छा हा पुरावा नव्हे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सहा सार्वजनिक दवाखान्यांत अल्प उत्पन्न गटातील २९९ मधुमेहींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना प्रशिक्षित सहरुग्णाची साथ मिळाली, त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, ज्याला वैद्यकीय परिभाषेत एचबीए१सी म्हणतात, सहा महिन्यांत १.०७ अंशांनी उतरले; ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले, त्यांचे केवळ ०.३० अंशांनी. एखाद्या नव्या गोळीने एवढा गुण दाखवला असता, तर तिच्या जाहिरातींनी वृत्तपत्रांची पाने भरून गेली असती.

परंतु हाँगकाँगमधील प्रयोग, ज्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले, निराळी गोष्ट सांगतो. तेथे सर्वच रुग्णांना आधीपासून पद्धतशीर, एकत्रित उपचार मिळत होते. अशा ठिकाणी सहरुग्णांच्या दूरध्वनीवरील साथीमुळे रक्तातील साखरेत आणखी फरक पडला नाही. ज्यांच्या मनावर ताण होता, अशा रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण मात्र घटले.

आपल्या देशातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग केरळचा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील नेय्याट्टिनकरा तालुक्यात साठ मतदान केंद्रांच्या परिसरातून मधुमेहाचा धोका असलेले, परंतु अद्याप मधुमेह न जडलेले एक हजार सात स्त्रीपुरुष निवडण्यात आले. निम्म्या परिसरांत गट स्थापन झाले. तज्ज्ञांच्या मोजक्या सत्रांखेरीज बाकीच्या बहुतेक बैठका त्यांच्यातीलच, प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य माणसांनी चालवल्या. या बैठका वस्तीतच भरत. परसबाग लावणे, फिरायला जाणे, योगासने करणे असे उपक्रम त्यातून उभे राहिले. उरलेल्या परिसरांतील लोकांना केवळ माहितीपुस्तिका देण्यात आली.

दोन वर्षांनी काय दिसले? पुस्तिका मिळालेल्यांपैकी १७.१ टक्के लोकांना मधुमेह जडला होता. गटांतील लोकांपैकी १४.९ टक्क्यांना. फरक आहे, परंतु तो योगायोगाचा नाही असे खात्रीने म्हणण्याइतका मोठा नाही, असे संशोधकांनीच २०१८ साली प्रामाणिकपणे नमूद केले. त्याच वेळी गटांतील लोकांचे मद्यपान घटले, आहारात फळे-भाज्या वाढल्या, शारीरिक क्षमता सुधारली आणि धोक्याचे एकूण गुणांकन खाली आले, हेही दिसून आले.

या तिन्ही प्रयोगांतून एकच निष्कर्ष निघतो. परस्परसाहाय्याने माणसाचे वर्तन बदलते, धीर वाढतो, उपचारांत सातत्य येते. जेथे उपचारांची सोय आहे, पण रुग्ण एकटा आणि गोंधळलेला आहे, तेथे त्याचा लाभ ठसठशीत असतो. परंतु गट म्हणजे जादूची कांडी नव्हे. तालुक्यातील तांदळाचा भाव, वस्तीतील मोकळी जागा, कामाचे तास आणि आईच्या पोटात ठरलेली शरीररचना आठवड्याच्या बैठकीने बदलत नाही. केरळसारख्या राज्यात, जेथे साक्षरता आहे, वाचनालये आहेत, १९९८ पासून कुटुंबश्रीचे स्त्रियांचे जाळे आहे, तेथेही केवळ गटांच्या बळावर रोग रोखता आल्याचे सिद्ध झाले नाही, हे विसरून चालणार नाही.

दोन चुकीच्या भूमिका

या प्रश्नावर दोन टोकाच्या भूमिका आढळतात आणि दोन्ही घातक आहेत.

पहिली भूमिका शासनकर्त्यांची आणि त्यांच्या सल्लागारांची. ‘स्वयंसेवा’, ‘लोकसहभाग’, ‘रुग्णाचे सक्षमीकरण’ असे गोंडस शब्द वापरून ते प्रत्यक्षात सांगतात की, तुमचे तुम्ही पाहा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आश्वासन दिले होते. सरकारचाच हिशेब सांगतो की, २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के पैसा रुग्णांनी थेट आपल्या खिशातून मोजला होता. मधुमेहाची गोळी एक वेळ स्वस्त मिळेल, परंतु साखर तपासण्याच्या पट्ट्या, डोळ्यांची व मूत्रपिंडाची तपासणी, पायाच्या जखमेवरील उपचार यांनी घर धुऊन निघते. असंसर्गजन्य रोगांच्या सरकारी कार्यक्रमात रुग्ण-साहाय्य गटांची तरतूद कागदावर आहे. ते गट जमवण्याचे काम मात्र आशा कार्यकर्तीवर सोपवलेले आहे. जिला कर्मचारी म्हणून मान्यता नाही, जिचा मोबदला कामाच्या तुकड्यांवर मोजला जातो. ज्या आरोग्यकेंद्रात मेटफॉर्मिन संपलेले आहे, त्याच्या ओसरीवर भरवलेला गट म्हणजे आधार नव्हे, ती थट्टा आहे.

या भूमिकेची दुसरी बाजू बाजाराची. मधुमेह हा आजन्म रोग. म्हणून मधुमेही हा आजन्म ग्राहक. रुग्णांच्या मेळाव्याचा मांडव उत्पादक घालून देतात आणि त्या मांडवात आपला माल विकतात. ‘इन्सुलिन सोडा, आमचा काढा घ्या’ असे सांगणारे भोंदूही याच गर्दीत शिरतात. ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, अशा मुलाने ते सोडले तर काही दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो.

दुसरी भूमिका चळवळीतीलच काही मंडळींची आहे. ती अशी की, असे गट म्हणजे सुधारणावादी मलमपट्टी. खरा प्रश्न सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा असल्यामुळे या फंदात पडून शक्ती वाया घालवू नये. वरवर कडवी वाटणारी ही भूमिका वस्तुतः निष्क्रियतेची आहे. आरोग्यव्यवस्था सुधारेपर्यंत रुग्णाचा पाय वाट पाहत नाही. शिवाय लोक संघटित होतात ते अमूर्त मागणीभोवती नव्हे, तर आपल्या अंगी लागलेल्या प्रश्नाभोवती. जामखेडला १९७० सालापासून डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी खेड्यातील निरक्षर, दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, तेव्हा ‘हे यांना काय जमणार’ असे म्हणणारे पुष्कळ होते. सामान्य माणसाच्या हाती ज्ञान आले की तो केवळ रुग्ण राहत नाही, हे त्या स्त्रियांनी दाखवून दिले.

अमेरिकेतील अलीकडचा अनुभव तर या भूमिकेला थेट उत्तर देतो. तेथे इन्सुलिनच्या किमती इतक्या भडकल्या की, रुग्ण मात्रा वाचवून वाचवून घेऊ लागले. त्यात काहींचे प्राण गेले. एकमेकांना उरलेली कुपी देणारे, धीर देणारे मधुमेही आणि त्यांचे आईबाप यांच्यातूनच ‘इन्सुलिन सर्वांसाठी’ ही चळवळ उभी राहिली. २०१९ साली ते जथ्याने सीमा ओलांडून कॅनडात गेले आणि तेच औषध तेथे कितीतरी स्वस्तात मिळते, हे त्यांनी देशाला दाखवून दिले. २०२० साली मिनेसोटा राज्याला निकडीच्या वेळी इन्सुलिन पुरवण्याचा कायदा करावा लागला. २०२३ पासून वृद्धांच्या सरकारी विमायोजनेत इन्सुलिनचा मासिक खर्च ३५ डॉलरांवर मर्यादित झाला. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात ही माघार कोणाच्या दयेने झाली नाही. कुपी वाटून घेणाऱ्या हातांनीच फलक उचलले.

गट कसा असावा?

तेव्हा प्रश्न गट हवा की आरोग्यकेंद्र हवे, असा नाहीच. आरोग्यकेंद्राशिवाय गट लुळा आहे आणि गटाशिवाय आरोग्यकेंद्र आंधळे. कामगार वस्त्यांत, खेड्यांत, चाळींत असे गट उभारताना पुढील गोष्टी कसोशीने पाळल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, गटाचे नाते जवळच्या सरकारी दवाखान्याशी जोडलेले असावे. महिन्यातून एकदा तरी डॉक्टर किंवा परिचारिका बैठकीला यावी. औषधाची मात्रा बदलण्याचा अधिकार गटाला नाही, हा नियम अपवाद न करता पाळला जावा. दुसरी, गट चालवणारा मधुमेहीच असावा, त्याला नीट प्रशिक्षण मिळावे आणि त्याच्या वेळेचा योग्य मोबदला सरकारने द्यावा. गरिबाचे श्रम फुकट समजण्याची सवय मोडली पाहिजे. तिसरी, औषधे वा उपकरणे विकणाऱ्या कोणाचाही पैसा गटाने घेऊ नये. चौथी, स्त्रियांच्या बैठकीची वेळ त्यांच्या सोयीने ठरावी. नाहीतर गट पुरुषांचा होतो आणि चूल जिच्या हाती आहे ती बाहेर राहते.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. दवाखान्यात कोणते औषध कोणत्या तारखेला नव्हते, तपासणी किती दिवस बंद होती, कोणाला बाहेरून किती रुपयांचे औषध घ्यावे लागले, कोणाची पाळी कापली गेली, याची नोंद तीत व्हावी. ही वही गटाच्या हाती असली, की ‘औषधांचा तुटवडा नाही’ असे छापील उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर रुग्ण हात जोडून उभा राहणार नाही. तो तारीखवार हिशेब मागेल. कामाच्या ठिकाणी जेवणाची निश्चित सुट्टी, लघवीला जाण्याची मुभा, स्वच्छ शौचालय आणि मधुमेह आहे म्हणून कामावरून न काढण्याची हमी, या मागण्या कामगार संघटनांनी अशाच नोंदींच्या आधारे आपल्या मागणीपत्रकात घातल्या पाहिजेत.

मधुमेह बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. त्यासाठी गोळी लागते, भाकरी लागते, विश्रांती लागते आणि माणूस लागतो. यांपैकी माणूस आपण एकमेकांना देऊ शकतो, आणि तो आजच दिला पाहिजे. बाकीच्या तिन्ही गोष्टी हक्काच्या आहेत. त्या एकट्याने मागून मिळत नाहीत.